सिंगापूरचे पाच दिवस आणि डबाभर ब्रेसलेट्स

९ डिसेंबर २०२४ ला दुपारी लेक कॉलेजची बॅग खांद्याला लावून दारातच थबकली आणि मोबाइलवरची नजर न काढता म्हणाली, "संपली गं आई टूर." व्हँकुव्हरमध्ये तेव्हा ८ तारखेची रात्र होती आणि अमेरिकन गायिका टेलर स्विफ्टच्या 'इराज टूर'चा शेवटचा कार्यक्रम नुकताच झाला होता. १७ मार्च २०२३ ला अमेरिकेतल्या ग्लेनडेलपासून सुरू झालेला हा दौरा. १४९ कार्यक्रम, ५१ शहरं, १ कोटी १ लाखांहून जास्त प्रेक्षक आणि २०० कोटी डॉलरच्या पुढे गेलेली तिकीटविक्री. एवढी कमाई याआधी कुठल्याच दौऱ्याने केली नव्हती. त्या एक कोटी माणसांत मार्चमध्ये आम्ही दोघी होतो. तेव्हाच्या नोंदी वहीत तशाच पडून होत्या, त्या आज नीट लिहून काढते.

निघण्याआधी

हा दौरा भारतात आलाच नाही. आशियात फक्त टोकियो आणि सिंगापूर. सिंगापूरला मार्च २०२४ मध्ये २, ३, ४ आणि ७, ८, ९ अशा सहा रात्री. सर्वांसाठीची विक्री ७ जुलै २०२३ ला उघडली. तिथे पोस्टाच्या शाखांमधूनही तिकिटं मिळत होती आणि लोक आदल्या रात्रीपासून रांगेत बसले होते. बेडोकला राहणाऱ्या माझ्या आतेबहिणीचा मुलगा आमच्यासाठी त्या रांगेत रात्रभर बसला. साधी तिकिटं १०८ ते ३४८ सिंगापूर डॉलरपर्यंत होती. आम्हाला ७ मार्चची मिळाली, वरच्या मजल्यावरची. फोनवर ऐकू आलेला लेकीचा आनंद त्याला अजून आठवतो म्हणे.

मला त्या गाण्यांतलं फारसं काही कळत नव्हतं. माझे कान सांगलीत घडलेले: नाट्यसंगीत, भावगीतं, आणि पुण्यात आल्यापासून दर डिसेंबरला सवाई गंधर्व. या दौऱ्याचा चित्रपट नोव्हेंबर २०२३ मध्ये पुण्यात लागला तेव्हा लेकीसोबत गेले. खुर्च्यांमधल्या जागेत मुली नाचत होत्या, गात होत्या आणि ओळखपाळख नसताना एकमेकींच्या मनगटात मण्यांची ब्रेसलेट्स घालत होत्या. तिच्या एका गाण्यात मैत्रीची ब्रेसलेट्स बनवण्याचा उल्लेख आहे, त्यावरून चाहत्यांनीच ही पद्धत पाडली. घरी बनवायची, मैफलीला घेऊन जायची आणि अनोळखी माणसाशी अदलाबदल करायची.

फेब्रुवारीभर आमचं जेवणाचं टेबल मण्यांनी भरलेलं होतं. माझी आई आमच्याकडेच असते, ७८ वर्षांची. तिने दोन दिवस नुसतं बघितलं आणि तिसऱ्या दिवशी चष्मा लावून नातीच्या शेजारी येऊन बसली. "दोरा आधी ताणून घे. तसाच ओवलास तर चार दिवसांत सैल पडेल." लहानपणी सांगलीत घरी पटवेकरी पोत ओवायला यायचा, त्याच्या पुढ्यात बसून ती हे शिकलेली. इलॅस्टिकचं टोक जिभेवर ओलं करून बोटात पिळायचं, मणी दोऱ्यावर ढकलायचा नाही तर दोरा मण्यात घालायचा, गाठ दोनदा फिरवून मारायची आणि शेजारच्या मण्याच्या पोटात ओढून लपवायची. लेक अक्षरं लावून द्यायची, आजी ओवायची. आजीला इंग्रजी अक्षरं वाचता येतात, पण ती शब्द न वाचता अक्षराचा आकार बघून क्रम पाळत होती. पाकिटातली 'ए' आणि 'ई' सगळ्यात आधी संपली, 'क्यू' आणि 'झेड'चा ढीग उरला. शेवटी चाळीस ब्रेसलेट्स झाली, बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात भरली.

(कुणी तिकडे जाणार असाल तर: भारतीय पासपोर्टला व्हिसा लागतो आणि तो अधिकृत एजंटामार्फत काढता येतो. शिवाय पोहोचण्याच्या तीन दिवस आधीपासून सिंगापूरचं ऑनलाइन आगमनपत्र भरता येतं. ते मोफत आहे, त्याचे पैसे मागणाऱ्या साइट्सच्या नादी लागू नका.)

५ मार्च, मंगळवार

मुंबईहून रात्रीचं विमान, सकाळी सिंगापूरचा चांगी विमानतळ. विमानातच चमचमत्या टिकल्यांची जॅकेटं घातलेल्या पाच-सहा मुली होत्या. सामानाच्या पट्ट्याजवळ एकीने लेकीच्या मनगटाकडे बघितलं, हिने तिच्याकडे बघितलं, आणि पहिली अदलाबदल तिथेच झाली. ती मुलगी इंदूरची होती.

ताईचं घर बेडोकला, सरकारी इमारतीत अकराव्या मजल्यावर. दुपारी आभाळ भरून आलं आणि आपल्याकडचा वळीव यावा तसा तासभर पाऊस झोडपून गेला. मग परत चिकचिक. तिथे दुपारी असा पाऊस बऱ्याचदा येतो, त्यामुळे छत्री आणि पातळ सुती कपडे एवढंच न्या.

रात्री जेवताना टीव्हीवर बातम्या लागल्या होत्या. सिंगापूरचे तेव्हाचे पंतप्रधान ली सिएन लुंग मेलबर्नमध्ये पत्रकार परिषदेत होते आणि प्रश्न होता टेलर स्विफ्टचा! थायलंडच्या पंतप्रधानांनी फेब्रुवारीत जाहीरपणे म्हटलं होतं की, तिने शेजारच्या इतर देशांत जाऊ नये म्हणून सिंगापूरने प्रत्येक कार्यक्रमामागे पैसे दिले. फिलिपाइन्समधल्या एका लोकप्रतिनिधीनेही नाराजी दाखवली होती. ली यांनी पर्यटन निधीतून प्रोत्साहन दिल्याचं मान्य केलं, पण हे शेजाऱ्यांशी वैर नव्हे असंही सांगितलं. चौतीस वर्षांच्या एका गायिकेच्या सहा रात्रींबद्दल एका देशाच्या पंतप्रधानांना परदेशात खुलासा करावा लागतो. पोळी हातात तशीच राहिली माझी. आपल्याकडे गाणाऱ्या बाईला "घरच्यापुरतं गा" म्हणणारी माणसं माझ्या आईच्या पिढीने ऐकलेली आहेत, मीही ऐकलेली आहेत.

६ मार्च, बुधवार

सकाळी लिटिल इंडिया. सेरंगून रोडवर १९४७ पासून चालू असलेल्या कोमला विलासमध्ये डोसा खाल्ला. सांबाराची चव थेट तंजावरची, पत्ता सिंगापूरचा. पुढे टेक्का सेंटरच्या मंडईत कढीपत्ता, आळूची पानं, शेवग्याच्या शेंगा सगळं मिळत होतं. फुलांच्या दुकानात एक तमिळ बाई जाईचे गजरे ओवत होत्या. लेकीला गजरा हवा होता. हातातली ब्रेसलेट्स बघून त्या हसल्या आणि म्हणाल्या की आठवडाभर सगळ्या मुली अशाच येतायत. लेकीने एक ब्रेसलेट त्यांना दिलं. त्यांनी गजऱ्याचे पैसे घेतले नाहीत. कितीही आग्रह केला तरी नाही.

दुपारी अरब स्ट्रीट. कापडाच्या दुकानांच्या ओळीत टिकल्यांच्या कापडाचे तागेच्या तागे बाहेर मांडले होते. दुकानदाराने सांगितलं, जांभळं आणि गुलाबी संपलं, रुपेरी घ्या. लेकीने अर्धा मीटर घेतलं आणि रात्री ताईच्या शिवणयंत्रावर साध्या काळ्या टॉपला खांद्यावर पट्ट्या लावल्या.

जेवण हॉकर सेंटरमध्ये, म्हणजे एकाच छताखाली खाण्याचे बरेच स्टॉल असतात तिथे. शाकाहारी असाल तर भारतीय स्टॉलवर रोटी प्राटा (तिथला पराठा) आणि डाळ मिळते, पण डाळीत मासळीची आमटी मिसळलेली नाही ना, हे आधी विचारून घ्या. टेबलावर रुमालांचं पाकीट ठेवलेलं दिसलं तर ती जागा कुणीतरी धरली आहे असं समजायचं. आणि खाऊन झालं की ताट स्वतः नेऊन ठेवायचं. नाही ठेवलं तर दंड होऊ शकतो.

७ मार्च, गुरुवार

कार्यक्रम संध्याकाळी सहाला. आम्ही तीनला निघालो. बेडोकहून पाया लेबारला जायचं, तिथे मार्ग बदलून सर्कल लाइनने स्टेडियम स्टेशन. पाया लेबारच्या सरकत्या जिन्याजवळ लेकीच्या हातातल्या एका ब्रेसलेटचा दोरा तुटला आणि मणी टपटप करत फलाटभर पसरले. मी वाकायच्या आत आठ-दहा माणसं वाकली होती. ऑफिसमधून निघालेला टायवाला एक माणूस, शाळेच्या गणवेशातली दोन मुलं, हिजाबमधल्या तीन मुली. प्रत्येकाने उचललेले मणी लेकीच्या ओंजळीत आणून ठेवले. गणवेशातल्या मुलाने शेवटचा 'एस' बाकाखालून काढला आणि फुंकर मारून दिला.

हिजाबमधल्या त्या तिघी सुराबायाहून आलेल्या, गाडीत आमच्याच सोबत. त्यांनी हिजाबाच्या कडेला मोती शिवले होते आणि तिघींचे रंग वेगवेगळे, तीन अल्बमचे तीन. एकीने सांगितलं की दोन वर्षं शिकवण्या घेऊन तिने पैसे साठवले. लेक आणि त्या चौथ्या मिनिटाला गात होत्या. अख्खा डबा हळू आवाजात गात होता. चालक दिसत नाही तिथे, पण प्रत्येक स्टेशनची घोषणा झाली की गाणं थांबायचं आणि दारं मिटली की पुढच्या ओळीपासून सुरू व्हायचं.

स्टेडियम कलांगला आहे, २०१४ साली उघडलेलं, वर ३१० मीटरचा प्रचंड घुमट, आत ५५,००० माणसांची जागा. बाहेर पाण्याकाठी तिकीट नसलेली माणसंही चटया पसरून बसली होती, खाऊचे डबे उघडून. मला सवाईच्या मांडवाबाहेरचे लोक आठवले, पूर्वी पहाटेपर्यंत चालायचं तेव्हाचे. ऐकू येईल तेवढं ऐकू, म्हणून बसलेले.

तासभर अदलाबदल चालली. पद्धत बघण्यासारखी होती: समोर उभं राहायचं, आपला हात पुढे करायचा, समोरच्याने एक निवडायचं, मग आपण त्याच्या हातावरून निवडायचं, आणि निवडलेलं एकमेकांच्या मनगटात सरकवायचं. मागून घ्यायचं नाही, मोजायचं नाही. सेबूहून आलेली माझ्याच वयाची एक आई तिच्या लेकीसोबत होती. तिने माझं मोकळं मनगट बघितलं, स्वतःच्या हातातलं निळ्या मण्यांचं एक काढून मला घातलं. बदल्यात द्यायला माझ्याकडे एकच होतं, लेकीने माझ्यासाठी केलेलं, ए-ए-आय अशा तीन अक्षरांचं. मी लेकीकडे बघितलं. ती म्हणाली, "ते नको, आई," आणि स्वतःच्या डब्यातून एक काढून त्यांच्या हातात घातलं.

(मोठ्या पिशव्या आत नेऊ देत नाहीत, नियम आधी वाचून जा. घसा कोरडा पडतो. कानात घालायला कापसाचे बोळे मी नेले होते, पण वापरले नाहीत.)

आधी सब्रिना कार्पेंटर ही दुसरी गायिका गायली. मग सातच्या सुमारास मोठ्या पडद्यावर घड्याळाचे आकडे उलटे धावू लागले आणि पन्नास हजार गळे एकदम उठले. आत येताना प्रत्येकाच्या हातात एक पट्टा दिला होता. तो आतून नियंत्रित होतो, आपण काही दाबायचं नाही. दिवे मालवले आणि सगळं स्टेडियम त्या पट्ट्यांच्या उजेडात निळं झालं, मग गुलाबी, मग सोनेरी.

तीन तासांहून जास्त ती एकटी गात होती, चाळीसहून अधिक गाणी. अल्बममागून अल्बम, म्हणजे तिच्या आयुष्याचे एकेक कालखंड, म्हणूनच नाव 'इराज'. स्टेज जवळजवळ मैदानाच्या लांबीइतकं पसरलेलं. एका गाण्यात ती स्वतःची काळी टोपी पुढच्या एका लहान मुलाला देते. ते मूल कोण, हे आम्हाला वरून दिसलं नाही, पण पडद्यावर त्याचा चेहरा आला तेव्हा माझ्या शेजारचा दणकट बाप्या हुंदके देत होता.

आणि त्याच्याही आधी, शेवाळलेल्या जंगलासारख्या दृश्यात तिने 'मार्जोरी' सुरू केलं होतं.

हे गाणं तिच्या आजीचं आहे. मार्जोरी फिनले ऑपेरा गायच्या. २००३ मध्ये गेल्या, तेव्हा नात तेरा वर्षांची होती. १९६० च्या दशकात हे कुटुंब सिंगापूरला राहत होतं, टेलरच्या आईचं लहानपण इथलं. २ मार्चला, पहिल्या रात्री, तिने हे याच स्टेजवरून सांगितलं होतं. मूळ ध्वनिमुद्रणात मागे जो सूर येतो तो खुद्द आजीचा, जुन्या रेकॉर्डमधून घेतलेला. लेकीने हे सगळं मला आधी सांगितलं होतं. पण ऐकणं वेगळं आणि तिथे बसणं वेगळं. कुणी न सांगता सगळ्यांनी मोबाइलचे दिवे लावले. घुमटाखाली पन्नास हजार दिवे, आणि एका नातीला सोबत करणारा गेलेल्या आजीचा आवाज.

माझी आई सांगलीच्या मेळ्यांत नाट्यपदं म्हणायची. तान अशी घ्यायची की म्हातारी माणसं मांडीवर थाप मारायची, असं मामा सांगायचा. लग्नानंतर ते गाणं स्वयंपाकघरात आलं, मग पाळण्याशेजारी, मग देवघरात. तिच्या आवाजाची एकही कॅसेट नाही. कुणाला सुचलंच नाही. मला सुचलं नाही. मी पंचवीस वर्षं सवाईला सतरंजी घेऊन जातेय, दुसऱ्यांच्या आया-आज्या ऐकायला. लेकीने माझा हात धरला होता. तिला माहीत नव्हतं मी कशासाठी रडतेय, पण तिने विचारलंही नाही.

शेवटाकडे दोन अनपेक्षित गाण्यांची जागा असते, रोज वेगळी, एकदा गिटारवर, एकदा पियानोवर. आज काय गाणार याचे अंदाज सकाळपासून चाललेले. थेट आपल्यासारखं: बुवा आज कोणता राग घेणार? त्या रात्री पियानोवर तिने पंधरा वर्षांच्या मुलीवरचं तिचं जुनं गाणं घेतलं आणि त्यातूनच ब्रेसलेटवाल्या गाण्यात शिरली. ती ओळ आली तेव्हा सगळ्यांचे हात वर गेले, कोपरापर्यंत मणी. एवढ्या मोठ्या जागेत मण्यांचा आवाज येतो, हे मी ऐकलंय. सळसळ.

परतताना स्टेडियम स्टेशनची रांग घाटासारखी वळलेली. आमच्यासारखं करा: गर्दीला पाठ देऊन कलांग स्टेशनपर्यंत पंधराएक मिनिटं चाला. रस्ताभर माणसं गातच होती, पोलीससुद्धा मान हलवत होते.

८ मार्च, शुक्रवार

महाशिवरात्र. ताईने साबुदाणा आदल्या रात्रीच भिजवून ठेवला होता. लेक घोगऱ्या आवाजात "मी आज बोलणार नाही" असं कुजबुजली आणि दोन वाट्या खिचडी खाल्ली.

दुपारी मी दोघींना घेऊन एम्प्रेस प्लेसला गेले, व्हिक्टोरिया थिएटर बघायला. पांढरी इमारत, मधोमध घड्याळाचा मनोरा. मार्जोरी फिनले इथे १९६८ मध्ये ऑपेरात गायल्या होत्या. आमच्याआधीच दहा-बारा मुली पायऱ्यांवर उभ्या होत्या, पैकी एकीने खांबापाशी पांढरं फूल ठेवलं होतं. आत त्या दिवशी जाता आलं नाही. लेक घशाचं सगळं बळ एकवटून म्हणाली, "आई, आजी कुठल्या नाट्यगृहात गायची?" मला नाव सांगता आलं नाही. सांगली एवढंच माहीत. ताईलाही नाही. तिथल्या तिथे पुण्याला फोन लावला, तर आजी म्हणाली, "नाट्यगृह कुठलं गं, गणपतीच्या मांडवात. एकदा गाते म्हटलं की लोक वन्स मोअर देऊन उठू देत नसत." बराच वेळ बोलत राहिली. तिला उपासाचं काय खाल्लं हे विचारायचं राहूनच गेलं.

रात्री गेलांगच्या शिवमंदिरात. जागरणाची गर्दी, तमिळ, तेलुगू, हिंदी, मराठी सगळी माणसं. रांगेत पुढे उभ्या असलेल्या दोन तरुण मुलींच्या बेलाची पानं धरलेल्या हातांत कोपरापर्यंत ब्रेसलेट्स.

९ मार्च, शनिवार

शेवटच्या कार्यक्रमाच्या रात्री आमचं परतीचं विमान. टॅक्सीचालक सत्तरीचे चिनी अंकल. त्यांनी सांगितलं, आधीच्या पाचही रात्री त्यांनी मुद्दाम कलांगच्याच फेऱ्या घेतल्या. तीन मुलींना त्यांनी तिकीटघरातून रडत येताना बघितलं होतं, परत हॉटेलला सोडलं आणि पैसे घेतले नाहीत. "माझी नात पण अशीच आहे," म्हणाले. लेकीने उतरताना त्यांच्या गाडीच्या आरशाला एक ब्रेसलेट बांधलं.

घरी

चाळीस नेली होती, सदतीस परत आणली, त्यातलं आपलं एकही नाही, एक ए-ए-आय सोडून. लेकीने ती सगळी आजीच्या पलंगावर ओतली. आजीने एकेक उचलून गाठ तपासली. सेबूच्या निळ्या ब्रेसलेटची गाठ सुटत आली होती. "घाईत केलंय पोरीने," म्हणत तिने ते सोडलं, मणी होते त्या क्रमाने ताटलीत मांडले आणि नवा दोरा ताणायला घेतला. लेक मोबाइल घेऊन शेजारी जाऊन बसली, रेकॉर्डिंग चालू केलं आणि म्हणाली, "आजी, मांडवात गायचीस ते म्हण ना."

"थांब, आधी गाठ मारू दे," आजी म्हणाली. गाठ मारली, मण्याच्या पोटात ओढली, दातांनी टोक तोडलं, आणि घसा खाकरून सूर लावला.